मोटेच्या कातड्याची झालर

मी भित्री आहे. लहानपणी विहिरीला भ्यायची, लग्न झाल्यावर सासूबाईंना भ्याले आणि त्यानंतर जिला भ्याले ती आमची जीपगाडी. विहिरीची भीती पोहायला शिकल्यावर गेली. सासूबाईंची भीती त्या अंथरुणाला खिळल्या आणि माझ्या हातानं जेवू लागल्या तेव्हा गेली. जीपची काही जाईना. बाकीच्या बायका भीती वाटली की देवाजवळ दिवा लावतात. मी भांडते. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला हे पाठ होतं. माझा आवाज चढला की शेजारीण समजायची, ह्यांचं गाडी घेऊन कुठंतरी लांब जायचं ठरलेलं दिसतंय.

हे म्हणजे माझे यजमान. संस्थान होतं तोवर मोजणीच्या कामावर नोकरीला होते. संस्थान विलीन झालं तेव्हा नोकरी चालू राहिली असती, पण बदली कुठल्या मुलखात होईल याचा नेम नव्हता. ह्यांना कोल्हापूर सोडून झोप येत नाही. मग नोकरी सोडली आणि स्वतःचंच काम काढलं. शेतकऱ्यांना पाटाचा उतार आखून द्यायचा, नदीकाठी पंपाचं इंजिन कुठं बसवायचं ती जागा काढून द्यायची. तेव्हा गावोगाव विहिरींवरच्या कातडी मोटा जाऊन इंजिनं येत होती, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. पण गावं अशी, की एसटी जिथं सोडते तिथून पुढं मोजणीची दुर्बीण, तिची तिपाई आणि पट्ट्या डोक्यावर घेऊन चालत जायचं. म्हणून लढाईनंतर लष्कराचं सामान लिलावात निघालं त्यातली एक जीप ह्यांनी पुण्याहून आणली.

गाडी कसली, चार चाकांवर ठेवलेलं घमेलं होतं ते. दारं नाहीत. वर ताडपत्री, तीही विरलेली. चालवायचं चाक डाव्या बाजूला, कारण ती परदेशातून आलेली. आणल्यावर वर्षभरात टायर गेले आणि त्या मापाचे मिळेनात, म्हणून ह्यांनी उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडून दुसऱ्या कुठल्या गाडीचे रुंद टायर बसवून घेतले. ते मडगार्डाच्या बाहेर चार बोटं आले. गाडी दिसायला ऐटबाज झाली, चिखलात रुतेनाशी झाली आणि ह्यांच्या छातीचं माप वाढलं. पण चाक जे काही उचलायचं ते आता अडवायला वर काही नव्हतं. धूळ, शेण, चिखल, खडी, सगळं फेकलं जायचं ते थेट चालवणाऱ्याच्या अंगावर. हे घरी यायचे तेव्हा डावी बाजू सारवलेल्या भिंतीसारखी दिसायची. मी हसायची. ते एवढंच असतं तर मी आजही हसले असते.

त्या पावसाळ्यात गारगोटीच्या रस्त्यावर नवी खडी पसरलेली होती. वळणावर पुढच्या चाकानं एक खडा उचलला आणि ह्यांच्या डाव्या डोळ्यावर मारला. चष्म्याची काच आत गेली. कुणीतरी भल्या माणसानं ह्यांना दुधाच्या गाडीतून कोल्हापूरला आणलं आणि तिथून आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी पट्टी बांधली, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, डावा गेला. उजवा चांगला आहे, पण त्याला आता जिवापलीकडं जपा, त्याला काही झालं तर पुढं काही उरत नाही. मी आत गेले तर हे पट्टीखालून हसत होते. म्हणाले, "दुर्बिणीला एकच डोळा लागतो की." मला त्या क्षणी ह्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि देता येत नव्हती म्हणून मी रडले.

तेव्हापासून माझा जीव त्या एका डोळ्यात जाऊन बसला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं. फोडणी देताना मोहरी उडते म्हणून मी ह्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देईना. गल्लीत पोरांनी विटीदांडू मांडला की मी तो उधळून लावायची, आणि त्यांच्या आया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दिवाळीत फटाके थांबेपर्यंत मी ह्यांना माडीवर कोंडून ठेवलं. वाळवणाच्या काठीचं टोक, दाराची कडी, उघड्या छत्रीची काडी, घरात जे जे टोकदार होतं ते मला दिसू लागलं. पूर्वी ते माझ्या कधी नजरेतसुद्धा आलं नव्हतं. हे म्हणायचे, अगं, एक डोळा माझा गेलाय, तुला कशाला हजार फुटलेत?

आणि ह्या माणसानं जखम भरल्यावर पुन्हा गाडी काढली. मी भांडले, दोन दिवस स्वयंपाक केला नाही, माहेरी निघून जाते म्हणाले. हे शांतपणे म्हणाले, काम सोडून घरी बसलो तर तू रोज माझं तोंड बघून कंटाळशील. मग मी दुसरा मार्ग धरला. ह्यांच्याबरोबर जाऊ लागले.

चालवायचं चाक डावीकडं, गेलेला डोळाही डावा, म्हणजे रस्त्याची डावी कड ह्यांना दिसतच नव्हती. मान पूर्ण वळवली तर दिसायची, पण मग समोरचं दिसायचं नाही. म्हणून मी मागच्या बाकावर ह्यांच्या पाठीमागं डाव्या टोकाला बसायची आणि बाहेर डोकावून कड सांगायची. "हात आहे," म्हणजे हातभर जागा आहे. "वीत आहे." आणि "कड!" म्हणजे आता उजवीकडं घ्या. लोकांना मोठी गंमत वाटायची. एका गावात कुणीतरी विचारलंही, पावणं, कंडक्टर घरचाच वाटतं? हे सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी हसले नाही. जीव मुठीत धरून बसलेल्या बाईला हसू येत नाही.

कड मी सांगत होते, पण चाकातून उडणारा खडा मला कसा सांगता येणार? पुढच्या पावसाळ्याच्या आधी मी स्पष्ट सांगितलं, गाडी विका, नाहीतर चाकं झाका. चाकं झाकायची हे ह्यांनाही पटलं, कारण चष्म्यावर चिखलाचा सपकारा बसला की आता दुसऱ्या डोळ्यानं भागवता येत नव्हतं. मिस्त्रीनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा मडगार्डाच्या कडेला लावून दिला. तो उचगावपर्यंतही टिकला नाही, खडखडत रस्त्यात पडला. मागं लोंबायला जाड रबर हवं होतं, ते बाजारात मिळेना. तेव्हा मी माहेरी निरोप धाडला.

माझं माहेर नेसरीकडचं. घरात मराठी आणि कानडी अशी मिसळ की कुठली कुठं संपते ते आम्हालाच कळत नाही. थोरला भाऊ मला 'तंगी' म्हणतो, म्हणजे धाकटी बहीण. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. अण्णा मालाच्या गाडीतून आला तो दोन वस्तू घेऊन. एक, गुऱ्हाळातली जुनी काहील. गूळ कढवून कढवून तिचा तळ गेला होता, पण बाजूचा पत्रा चांगला जाड आणि शाबूत होता. दुसरी, आमच्या विहिरीवरची मोट. ह्यांनीच आदल्या वर्षी तिथं इंजिन बसवून दिलं होतं, त्यामुळं मोट गोठ्यात खुंटीला पडून होती. म्हशीचं कातडं, वाळून फळीसारखं कडक झालेलं. मला तिच्याकडं बघून जरा वाईट वाटलं, कारण तिच्या कुरकुरीवर मी लहानपणी झोपलेली आहे. पण डोळ्यापुढं मोट काय आणि सोनं काय.

अण्णा म्हणाला, "तंगी, मोट जलमभर पाण्यात असती. तिला चिखल काय करणार हाय?"

आम्हा तिघांनाही ते ऐकून धीर आला. चैत्रातल्या उन्हात आमच्या परसात काम सुरू झालं. अण्णानं काहिलीचा पत्रा छन्नीनं कापला. ह्यांनी तो चाकाच्या गोलाईला जुळेल असा वाकवला. भोकं पाडायला लोहाराकडं नेला आणि बोल्टांनी चारी मडगार्डांना पक्का बसवला. मडगार्डं आता टायरच्याही बाहेर दोन बोटं आली. मी त्याला 'पदर' म्हणू लागले. मग मोटेच्या कातड्याचे चार तुकडे करून ते चाकांच्या मागं पदरालाच बोल्टांनी अडकवले, ती झालर. झालरीची लांबी ह्यांनी स्वतः मोजली. जमिनीपासून एक वीत वर राहिली पाहिजे, नाहीतर चाकाखाली येईल, हे त्यांना कळत होतं. तिपाईजवळ असतात तसेच गंभीरपणे गुडघ्यावर बसले, पट्टी लावली, पुन्हा लावली, सुरीनं शेवटचा काप घेतला. पाटाचा उतार केसाकेसानं मोजणारा माणूस. मी म्हटलं, आता दुर्बीण लावून बघा. तर खरंच लावायला निघाले.

मग आम्ही तिघं उचगावच्या बाजूला गेलो. तिथं म्हशी बसायचं एक डबकं होतं. ह्यांनी त्यातून गाडी भरधाव काढली, परत वळून पुन्हा काढली. मी पांढरं लुगडं नेसून मुद्दाम मागं बसले होते. त्यावर एक थेंब आला नाही. म्हशीवाला म्हणाला, लगीन काढलंय जणू गाडीचं, आणि अण्णानं त्याला तंबाखू दिली. त्या संध्याकाळी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. ह्यांना फोडणीजवळसुद्धा उभं राहू दिलं.

आषाढात नेसरीच्या पुढच्या एका गावचं काम आलं. नदीकाठी इंजिनाचा चौथरा बांधायचा होता. ह्यांची कामाची एक रीत होती. पुराची रेघ पुरातच बघायची, उन्हाळ्यात गावकरी हात दाखवून सांगतात ती मानायची नाही. एकदा कुणाच्या सांगण्यावर विसंबून चौथरा बांधला होता आणि इंजिन पाण्याखाली गेलं होतं. म्हणून पाऊस धो धो पडत असताना जायचं. मी भांडले, पण अर्ध्या आवाजात. चाकं झाकलेली होती ना.

जाताना माझीच मला गंमत वाटत होती. कागल गेलं, निपाणी गेली, रस्ता पाण्यात बुडालेला, आणि ह्यांच्या चष्म्यावर पावसाशिवाय काही नव्हतं. मी कड सांगत होते, हे गुणगुणत होते. माहेरी उतरलो, भाकरी खाल्ली. रात्रभर पाऊस थांबला नाही आणि गाडी अंगणात उभी भिजत राहिली. सकाळी मी झालरीकडं बघितलं की नाही, आठवत नाही. बघितलं असतं तरी चिखलानं माखलेलं कातडं एवढंच दिसलं असतं.

नदीकडं जाणारी वाट डोंगराच्या अंगात कोरलेली होती, एका बैलगाडीपुरती. उजवीकडं दरड आणि डावीकडं खाली लाल पाणी. पूर आला की नदीचा आवाज बदलतो. ती खळखळत नाही, गुरगुरते. तो आवाज ऐकला आणि मी आणखी बाहेर वाकले. मी कड सांगू लागले. "हात. हात. वीत. हात." मध्येच समोरून वर येणारी बैलगाडी दिसली, लाकडं भरलेली. बैलगाडी मागं जाऊ शकत नाही, हे त्या वाटेवर कुणी सांगायला नको. जीपनंच मागं सरायचं होतं, वळणापाशी थोडी रुंद जागा होती तिथवर.

ह्यांनी गाडी मागं घेतली. मी उलटी वळून बसले आणि ओरडू लागले, "हात. वीत." आणि माझ्या खालून एक आवाज आला, ओलं कापड फाटताना होतो तसा, पण जाड. गाडीला हिसका बसला आणि मागचं डावं चाक थांबलं. बाकीची तीन थांबली नव्हती. गाडीचं शेपूट कडेकडं सरकलं. मी ओरडले, "कड!" दुसरा शब्द तोंडातून निघालाच नाही. कड, कड, कड. गाडी थांबली तेव्हा मी खाली बघितलं, तर माझ्या खाली जमीन नव्हती, पाणी होतं. चाक मात्र अजून मातीवर होतं.

ह्यांनी पुढं घ्यायचा प्रयत्न केला. शेपूट आणखी सरकलं. मी इतक्या मोठ्यानं किंचाळले की समोरचे बैल बुजले. हे थांबले. मी बाकावरून उजवीकडं सरकत सरकत दरडीच्या बाजूनं उतरले. हेही त्याच बाजूनं उतरले आणि आम्ही मागं जाऊन बघितलं.

झालर लांब झाली होती. वाळलेली मोट जुंपायच्या आधी आमच्याकडं ती रात्रभर ओढ्यात भिजत घालतात, म्हणजे ती मऊ पडते, ओघळते, सैल होते. हे अण्णाला ठाऊक, मला ठाऊक, आणि गावोगाव विहिरी मोजत हिंडलेल्या ह्यांनाही ठाऊक. पण मोट म्हटलं की डोक्यात विहीर येते आणि झालर म्हटलं की गाडी. दोन्ही एका वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चैत्रातलं वाळलेलं कातडं वीतभर वर राहील असं मोजलं होतं, ते आषाढात भिजून जमिनीला टेकलं. गाडी मागं घेताना चाक त्याच्यावर चढलं, त्यानं कातडं ताणलं आणि कातड्यानं वरचा काहिलीचा पत्रा खाली ओढला. पत्रा धनुष्यासारखा वाकून टायरात रुतला होता. म्हणून चाक फिरत नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

बैलगाडीवाला म्हातारा बैलांच्या पुढं कासरा धरून उभा होता. बैल थरथरत होते, त्यांना सोडून त्याला येता येईना. त्यानं लाकडांत खोचलेला कोयता काढून आमच्याकडं फेकला आणि ओरडून सांगितलं, "पावणं, चाकाला धोंडं लावा आन् ते कातडं तोडा."

आम्ही दरडीचे दगड आणून चाकांना लावले. ह्यांनी कोयता उचलला आणि मागच्या चाकापाशी चिखलात बसले. कातडं कुठं तोडायचं ते बघायला तोंड अगदी जवळ नेलं. एका डोळ्याच्या माणसाला अंतर नीट कळत नाही, भांड्यात पाणी ओततानाही त्यांना हात लावून बघावं लागायचं. त्यांचं नाक आणि तो वाकलेला पत्रा यामध्ये वीतभर जागा राहिली.

आणि मला कळलं. कातडं तुटलं की पत्रा सुटणार. वाकवून धरलेली फांदी सुटते तसा सुटणार, आणि सुटून वर येणार तो ह्यांच्या तोंडावर. ज्या पत्र्यानं डोळा वाचवायचा तोच समोर ताणून बसला होता.

मी ह्यांचा दंड धरून मागं ओढलं. ते घसरून पाठीवर पडले. म्हणाले, काय करतेस, गाडी जाईल. मी म्हटलं, गाडी जाऊ दे पाण्यात. कोयता इकडं द्या. ते देईनात. म्हणाले, मी तोंड वळवून तोडतो. मी म्हटलं, तोंड वळवून तुम्हाला कातडं दिसणार नाही आणि समोर करून मी तोडू देणार नाही. आम्ही तिथं, नदीच्या काठावर, पावसात, त्या म्हाताऱ्यादेखत भांडलो. शेवटी मी हात जोडले. लग्नानंतर ह्यांच्यापुढं मी हात जोडल्याचं मला तरी दुसऱ्यांदा आठवत नाही. कोयता माझ्या हातात आला.

तरीही माझं समाधान झालं नाही. ते लांब उभे राहिले तरी एखादा बोल्ट उडेल, पत्र्याची एखादी कपची उडेल. मी ह्यांना दरडीला टेकवून बसवलं, त्यांचा चष्मा उतरवला, माझ्या लुगड्याचा पदर फाडला आणि त्याच्या घड्या करून तो डोळ्यांवर बांधला. दोन्ही डोळ्यांवर, कारण एकावर तो राहीना. मागं गाठ मारली. मी उठणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की कोयता पडला.

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. डोळे झाकलेले, तोंड थोडं उघडं, आणि ते डोकं इकडं तिकडं करत होते, आवाज कुठून येतो ते शोधत असल्यासारखं. नदी त्यांना सगळीकडून येत होती.

ते म्हणाले, "तू हायस न्हवं?"

मी म्हटलं, इथंच आहे.

"रोज सकाळी मी डोळा लगीच उघडत न्हाय," ते म्हणाले. "आधी पडून ऐकतो. तुझ्या बांगड्या वाजतात का बघतो. मग उघडतो. न उघडता दिसलं न्हाय तर एक येळ चालंल, उघडून दिसलं न्हाय तर काय करायचं?"

इतके दिवस मी समजत होते की भीती माझी एकटीची आहे, आणि ह्या माणसाला ती ठाऊकच नाही. त्यांच्या हसण्याचा मला राग यायचा. मी भीती घेऊन भांडत सुटले होते, आणि हे ती घेऊन रोज सकाळी माझ्या शेजारी गप पडून राहात होते. मी त्यांची बोटं एक एक करून मनगटावरून सोडवली. म्हटलं, मी बोलत राहीन, आवाज ऐका.

मी चाकाच्या बाजूला बसले, पत्र्याच्या रेषेत येणार नाही अशी, आणि कातड्यावर कोयता घातला. तोंडानं काय बोलत होते देव जाणे. पहिल्या घावाला काही झालं नाही. ओली मोट कोयत्याला दाद देत नाही, सरकते. मी घासत राहिले. डोळ्यांत पाऊस जात होता, डावा पाय कडेवर होता आणि खाली बघायचं नाही असं मी स्वतःला मोठ्यानं सांगत होते. मग कातडं तटकन तुटलं. पत्रा कधी सुटला ते मला दिसलंच नाही. एक फटका बसल्यासारखं झालं आणि मी मागं बसले. पत्रा वर जाऊन थरथरत उभा होता, ह्यांचं तोंड थोड्या वेळापूर्वी जिथं होतं तिथंच. माझ्या हाताची कोपरापासून खालची बाजू चिरून उघडली होती.

मी हात पोटाशी धरला, फाटक्या पदरात गुंडाळला आणि ह्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, झालं. सुटलं चाक. काढा ते.

त्यांनी चिरगूट काढलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा. तू सांग, काय काय दिसतंय."

मी म्हटलं, कशाला?

"सांग की. उद्या लागलं तर सवय असू दे."

मग मी सांगू लागले. कड सांगायची त्याच आवाजात, कारण दुसऱ्या आवाजात मला रडू आलं असतं. समोर बैलगाडी आहे. बैल एक पांढरा, एक बांडा. म्हातारा बिडी पेटवायला बघतोय, पेटत नाही. खाली नदी लाल आहे, त्यात एक अख्खं झाड मुळासकट चाललंय. पलीकडं उसाचं शेत, अर्धं पाण्यात. तुम्हाला जी रेघ बघायची होती ती तिथं, उसाच्या तिसऱ्या बांधाला आहे. ते मान हलवत ऐकत होते. चेहरा हळूहळू सैल झाला. मला वाटलं, झेपेल. जर वेळ आलीच तर हे आम्हाला झेपेल, मी सांगेन आणि हे ऐकतील. असं त्या दिवसापूर्वी मला कधी वाटलं नव्हतं. भीती होतीच, पण ती आता दोघांच्या मध्ये ठेवलेली होती.

ते म्हणाले, वाटेचं सांग, कड किती राहिलीय. मी म्हटलं, हात आहे. वीतसुद्धा नव्हती.

मग त्यांनी चाचपडत हात पुढं केला आणि माझा हात धरला, तोच. त्यांची बोटं फाटक्या पदरावरून सरकली, थांबली, पुन्हा सरकली. नदीचं पाणी गार होतं, पाऊस गार होता, चिखल गार होता.

"हे ऊन कसं लागतंय गं?" ते म्हणाले.

मी म्हटलं, चिखल आहे.

त्यांनी डोळ्यांवरचं चिरगूट ओढून काढलं.